पडवीत टांगलेला डोंगर

पाणी जगभर कसं फिरतं, हे तुम्ही मुलांनी पुस्तकात वाचलं असेल. मी ते महाडच्या शाळेत इंग्रजीतून वाचलं, आणि पोलादपूरच्या डोंगरात, सासरी, मला ते करून दाखवावं लागलं.

लग्नानंतरचा पहिला शिमगा नुकताच झाला होता. आमच्या वाडीला एकच झरा. तो आटला की थेट नदी गाठायची. उन्हाळ्यात तो इतका बारीक होई की खळग्यातलं पाणी करवंटीने हंड्यात भरायचं आणि खळगा पुन्हा भरेपर्यंत बसून राहायचं. तिथे थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "काय गो, तू इंग्रजी शिकलेली. पावसात एवढं पडतं, मग आता पाणी जातं कुठं?"

"सावित्रीतून समुद्रात. तिथून वाफ होऊन पुन्हा आपल्याच डोंगरावर पडतं. तेच पाणी फिरत राहतं," मी म्हणाले. "जगातलं सगळं पाणी या हंड्यात मावलं असं धरा. त्यात गोडं पाणी लहान तांब्याभर. तेही बहुतेक बर्फ, नाहीतर जमिनीच्या पोटात. नद्या-ओढ्यांच्या वाट्याला चार थेंब."

"मग आमचा थेंब कोण प्यायलं?"

पाण्याला आलेल्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसले, पण तेवढ्यात वरच्या झाडांकडे नजर गेली. भाताची रोपं करायच्या वाफ्यावर आधी डहाळ्या आणि पाला जाळतात. त्यासाठीचं कवळ यंदा झऱ्याच्या वरच्या झाडांचं तोडायचं, असं मामंजींनी ठरवलं होतं. दुसऱ्याच दिवशी माणसं कोयते घेऊन येणार होती. खाली पाला पडला नाही, तर पाऊस डोंगरात मुरणार कसा?

संध्याकाळी मी तांदूळ धुवायच्या दोन रोवळ्या घेतल्या. एकीत उघड्या उतारावरची माती भरली, दुसरीत झाडांखालची, कुजक्या पाल्याची. पडवीच्या वाशाला टांगून दोन्हींत सारखं पाणी ओतलं. पहिलीतून गढूळ धार आली आणि थांबली. दुसरी मात्र जेवणं उरकली तरी ठिबकत होती.

"माझ्या रोवळीत माती घातलीस गो?" सासूबाई म्हणाल्या.

मामंजींनी थेंबाखाली तळवा धरला. "बाकीचं पाणी कुठं गेलं?"

"आतच आहे, मामंजी. सावकाश येतंय."

त्यांनी ओला तळवा धोतराला पुसला. मग म्हणाले, "कवळ पलीकडच्या रानातनं आणू."

"लांब पडंल," सासूबाई म्हणाल्या.

"नदीवरनं हंडा आणण्यापरीस जवळ हाय."

झाडं राहिली. पुढच्या वर्षीच्या वैशाखात झरा बारीक झाला, पण आटला नाही. एका वर्षाच्या पाल्याने एवढं होत नाही, हे मला ठाऊक होतं आणि मी ते सांगूनही पाहिलं. सासूबाईंना ते ऐकायचंच नव्हतं. ती रोवळी त्यांनी पुन्हा तांदळाला घेतली नाही. पाहुणी आली की खुंटीवरून काढून दाखवायच्या. मी आत चुलीशी असे, तरी शब्दन्‌शब्द कानावर येई आणि पाठ आपोआप ताठ होई: "आमच्या सुनेनं पडवीत डोंगर टांगला व्हता."