छायाचा बिघडलेला नाच

आशाबाईंची डायरी, २३ जानेवारी २०२५, गुरुवार. तुरीच्या डाळीला ऊन दाखवले. छाया अंगणवाडीतून थेट इकडे आली. नाच अडला आहे म्हणते. चहात साखर दोनदा पडली.

जानेफळच्या छायाला मनातलं बोलून सांगता येत नाही, ती नाचून सांगते. तिने पदर खोचला की गावाने समजावं, आता कुणाची तरी खैर नाही. मागच्या वर्षी तिने गिरणीवर दलितवस्तीतल्यांच्या पाण्यासाठी ठेवलेल्या वेगळ्या पेल्याचा नाच बसवला. दुसऱ्या दिवशी पेला नाहीसा झाला. कुणी नेला, हे कुणीच विचारलं नाही.

यंदा अंगणवाडीच्या हळदीकुंकवाला नवा नाच होता. बायांचा फेर, कुंकवाचं ताट एका विधवेला टाळून पुढे जातं, आणि शेवटच्या कडव्यात सगळ्या तिला आत घेतात. गोष्ट फेरातल्या बाराही जणींना पसंत होती. फक्त विधवा व्हायला एकही तयार नव्हती.

"अवं सोजराकाकू, नाचातच तं व्हाचं हाये!"

"नाचात का असेना! मी टिकली काढली अन् तिकडं घरी आमच्या यायले काही झालं मंग? सकाळपासून शिंका देऊन राह्यले ते." समतेच्या भाषणाला सगळ्यांत मोठ्या टाळ्या याच सोजराबाईंच्या.

म्हणून छाया आशाबाईंकडे आली. त्यांचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली होती. शेजारच्या सोजराबाईंचा तिळगूळ दरवर्षी भिंतीवरून यायचा, हळदीकुंकवाचं आमंत्रण यायचं नाही. आशाबाई डायरीत लिहीत, तिळगूळ कडक की मऊ, एवढंच.

"मला कुठं नाचता येतं? कॉन्व्हेंटात सिस्टरांनी फक्त ओळीत चालायला शिकवलं."

"तुमाले नुसतं बाजूले उभं राह्याचं हाये, काकू. ते तं तुमाले येतेच."

छाया सहज बोलून गेली. भिंतीआड होत होतं ते आता गावासमोर होणार होतं. आशाबाईंनी साखर पुन्हा घातली आणि "येते" म्हणाल्या.

दोन फेब्रुवारीच्या दुपारी शाळेच्या पटांगणात त्या पाय जुळवून उभ्या राहिल्या. ताट घेऊन सोजराबाई आल्या. मान वळवून पुढे जायचं होतं. त्या थांबल्या. गाणं पुढे निघून गेलं.

"पुढं व्हा, काकू!" छाया बाजूने खुणावत होती.

"नाही होत माह्याच्यानं. भिंतीवरून सोपं होतं व माय!" म्हणत सोजराबाईंनी चिमूटभर कुंकू आशाबाईंच्या कपाळाला लावलं. थोडं चष्म्यावरही सांडलं. तेवढ्यात समोर बसलेले त्यांचे यजमान महादेवराव जोरात शिंकले. सोजराबाईंनी तिकडे एकदा पाहिलं, आणि कुंकू बोटाने नीट गोल केलं.

"अवं, तीन कडवे बाकी हायेत अजून!" छाया रडकुंडीला आली.

मग ती तीन कडवी सगळ्यांनी नुसताच फेर धरला. आशाबाई ओळीत चालल्या, सिस्टरांनी शिकवलं तशा.

संध्याकाळी त्यांनी लिहिलं: नळ सहाला आला. दोन हंडे, एक बादली भरली. तोंड धुतले नाही.