बहिरा सेन्सर

लॅबमधले सगळे कॉम्प्युटर जिच्या जिवावर चालतात, तिला तोंडावर सगळे ताई म्हणतात आणि पाठीमागे, सारखी तडतडते म्हणून, फटाकडी. दोन्ही बरोबर. आली तेव्हा ती खिडकीत बसून पावत्या फाडायची. बंद पडलेलं मशीन बघायला कुणी फिरकायचंच नाही, म्हणून वैतागून स्वतःच शिकली. रागात शिकली, अजून रागातच काम करते. पण ती आहे म्हणून लॅब आहे.

त्या दिवशी तर विचारूच नका. मागे लॅबमध्ये व्हायरस घुसला होता, तेव्हा वरच्या मोठ्या हॉस्पिटलने लॅबची नेटवर्कची लाइन तोडली होती. रक्ताचे रिपोर्ट कागदावर, जिन्याने, पळत. वर ऑपरेशनच्या टेबलावर पेशंट झोपलेला आणि जिन्यात ही धापा टाकतेय. आता हॉस्पिटलचे साहेब समोर ठाण मांडून बसलेले. असा व्हायरस पकडायला नेटवर्कवर कान ठेवणारा सेन्सर आज चालला नाही, तर जाताना लाइन तोडूनच जाणार.

सेन्सर म्हणजे काही डबा नाही. लॅबच्या मोठ्या लिनक्स मशीनच्या पोटात बरीच व्हर्च्युअल मशीन चालतात, त्यातलंच हे आणखी एक. सगळ्या वायरी जिथे जुळतात तो स्विच सगळ्यांच्या बोलण्याची नक्कल एका वायरवर सोडतो. ती वायर मोठ्या मशीनमध्ये येते आणि तिथला ब्रिज नावाचा प्रोग्राम ते बोलणं सेन्सरच्या कानात घालतो. ऐकायला किती सोपं!

ताईने सेन्सर चालू केला. पडद्यावर रेघा नाचायला लागल्या.

"बघा साहेब!"

साहेबांनी चष्मा चढवेपर्यंत सगळं थंड.

"कुठंय?"

"आत्ता होतं."

"नोकरीबद्दल आमचे जावईही हेच म्हणतात."

ताईने दात आवळले. ब्रिज पाडला, पुन्हा उभा केला. रेघा नाचल्या, मेल्या. सेन्सर उडवून नवा टाकला. तोही बहिरा. वायर उपटून परत खुपसली. ढिम्म!

रक्त काढणारा दादा दारात येऊन म्हणाला, "ताई, नजर लागली असेल."

"दादा, मी आता कुणाला तरी चावणार आहे. आणि सगळ्यात जवळ तू उभा आहेस."

दादा पसार.

साहेबांनी फोन काढला. "हां, लाइन काढायला माणूस पाठव खाली."

"अहो, थांबा की जरा!"

"किती थांबू? तो येईपर्यंत बघा."

ताईने बोटांवर मोजलं. वायर ठीक, सेन्सर ठीक. राहिला ब्रिज. त्याच्या आठवणीत कोण-कोण बसलंय ते तिने उघडून बघितलं. लॅबची झाडून सगळी मशीन तिथे, आणि सगळी वायरच्या बाजूला.

तिने कपाळावर हात मारला. चूक हिचीच. बाकीच्या मशीनना जसा ब्रिज जोडते, तसाच सवयीने इथेही जोडला होता. तो ब्रिज हुशार. कोण कुठल्या बाजूला राहतं ते क्षणात शिकतो. मग म्हणतो, निरोप वायरकडून आला, ज्याला द्यायचा तोही वायरकडचाच, मी कशाला सेन्सरच्या दारात तंगडतोड करू?

"मेल्या, तुला शिकायला सांगितलं होतं कुणी?" ती पडद्यावर खेकसली. साहेब दचकले.

तिने ब्रिजची लक्षात ठेवायची मुदत शून्य केली. आता त्याला काही आठवणार नाही. येईल तो निरोप सगळ्यांच्या दारात टाकत सुटेल.

रेघा धावल्या. साहेबांनी चष्मा चढवला, पुसला, परत चढवला. रेघा धावतच होत्या. मध्येच एक लाल झाली.

"हे काय? हल्ला?"

"तुमच्या वॉर्डातला प्रिंटर आहे. ज्याला-त्याला हाका मारतोय. बहुतेक कागद संपलाय."

तेवढ्यात पक्कड घेतलेला माणूस दारात आला. "कुठली लाइन काढायची?"

साहेबांनी पडद्याकडे बघितलं, मग ताईकडे. "नाही काढायची. राहू दे."

"चाललो मग," तो वळला.

"चाललो काय?" ताई कडाडली. "वर जातोयस ना? त्या प्रिंटरमध्ये आधी कागद घाल!"