म्हशीमार्फत बोलणारी थोरली

आमची थोरली काकू माझ्या आईशी बोलायची ती म्हशीमार्फत. मी प्राथमिक शाळेत असताना कंधारजवळच्या आमच्या शेताची वाटणी झाली. थोरलीनं स्वतः पाणी घालून वाढवलेला बांधावरचा आंबा आमच्या वाट्याला आला आणि तेव्हापासून तिनं धाकट्या जावेशी, म्हणजे आईशी, अबोला धरला. पण शेताला शेत लागून असलं की सांगण्यासारखं रोज काहीतरी निघतंच. मग ती बांधाशी बांधलेल्या चंद्रीकडं तोंड करून म्हणायची, "चंद्रे, कुणाची तरी शेळी आपल्या भुईमुगात शिरून राहिली, सांग बरं." आईही काही कमी नव्हती. तीही चंद्रीलाच उत्तर द्यायची.

थोरली तोंडानं फटकळ आणि कामाला वाघ. तिची हळद सगळ्यांच्या आधी शिजायची, आधी वाळायची, आणि आमची मागं पडलेली बघून ती चंद्रीला आळशी माणसांबद्दल बरंच काही ऐकवायची. मला मात्र हाक मारून गूळ-शेंगदाणे द्यायची. तुझ्याशी माझं काही भांडण नाही, असं स्पष्ट सांगायची.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. भर वैशाखात एकाएकी गारठा पडला. आईनं ट्रंकेतली शाल काढली. थोरली लुगड्यावर काकांचा स्वेटर चढवून शेतात आली. बाबा आणि काका चाकूरला लग्नाला गेलेले. सामाईक खळ्यावर आमची शिजवलेली हळद वाळत पडली होती. थोरलीची कधीच पोत्यांत भरून घरी गेली होती. आमची भिजली असती तर वर्षाची मेहनत मातीत गेली असती.

दुपारी गारा सुरू झाल्या. आई आणि मी हळद ओढून ढीग करत होतो, पण बोटं आखडून गेली होती. तेवढ्यात थोरली स्वतःची ताडपत्री घेऊन धावत आली. तिघींनी मिळून ढीग झाकला आणि वाऱ्यानं ताडपत्री उडू नये म्हणून तिच्या कडा अंगाखाली दाबून आतच बसलो. मी ढिगाच्या पलीकडं, त्या दोघी अलीकडं. आईचे दात वाजत होते. तिथं चंद्री नव्हती.

मग थोरलीचा आवाज आला, "हे स्वेटर घाल. लई गारठलीस गं."

आई रडायला लागली.

"रडू नको," थोरली म्हणाली, "हळद भिजंल."

हळद वाचली. त्यानंतर दोघी रोज संध्याकाळी बांधावर बसू लागल्या. अबोल्याच्या काळात कुणाच्या घरात काय काय झालं, ते एकमेकींना अगदी पहिल्यापासून, वर्षावर्षानं सांगत. स्वयंपाकाला उशीर व्हायचा. यापेक्षा अबोला बरा होता, असं काका वैतागून म्हणायचे.

त्याच वर्षी दिवाळीनंतर थोरली झोपेतच गेली. मला ती फार आवडायची. अजून तिच्या शेताकडं बघवत नाही. दिवसकार्य झाल्यावर आईची समजूत घालायला मी म्हटलं, निदान शेवटी तुमचं सगळं बोलणं तरी झालं.

"कुठं झालं?" आई म्हणाली. "आत्ताशी तुझ्या दहावीपर्यंतच आलो व्हतो आम्ही."