न ऐकलेल्या शिट्ट्या

आंघोळीला जाताना बायको म्हणाली, "अहो, चार शिट्ट्या झाल्या की कुकर बंद करा." टीव्ही चालू होता, शेजारी मिक्सर फिरत होता. अशा गोंगाटातूनही मी वर्षानुवर्षं शिट्ट्या बिनचूक मोजत आलोय. आज डाळ करपल्याच्या वासाने उठलो. एकही शिट्टी ऐकली नव्हती.

कान तपासून घेतलेत, ठणठणीत आहेत. म्हणजे कानावर सगळंच पडतं. त्यातलं मला काय द्यायचं ते मेंदू परस्पर ठरवतो आणि टाकून दिलेल्याचा हिशेब देत नाही. उद्या ही आत घसरून पडली आणि तिची हाकही त्याने टाकून दिली तर?

घाबरून बाथरूमच्या दाराशी गेलो, हाका मारल्या. उत्तर नाही. दार ठोठावलं, तशी ती ओलेत्या केसांनीच बाहेर आली.

"अहो, कधीची ओ देतेय!"