दर्शनी भिंतीवरचा परवाना

बंगळुरात, कॉटनपेटच्या आमच्या गल्लीत क्षमाबाईंनी बायकांसाठी केशभूषेचं दुकान काढलं, ते १९५६ साली. नवरा बिंदुमाधव छापखान्यात होता. अर्धांगवायूने अंथरुणाला लागला, तेव्हा क्षमाबाई दंडूत, म्हणजे छावणीच्या भागात, एका मडमेच्या हाताखाली केस धुणं, कुरळे करणं शिकून आल्या.

"लोकांचे केस विंचरून घर चालतं होय गं?" शेजारच्या गोजराबाई म्हणाल्या.

"आधी तुमचेच विंचरते, अक्का. उवांचे पैसे वेगळे."

परवान्यासाठी घरमालकाची संमती हवी होती. सांसर्गिक रोग नसल्याचा डॉक्टरांचा दाखला, सांडपाण्याला मोरी, दहा बाय आठच्या खोलीला खिडकी हवी होती. ते सगळं क्षमाबाईंनी जमवलं. शेवटी कचेरीत कारकुनाने विचारलं, "गंडन हेसरु?"

नवऱ्याचं नाव. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, ते तोंडाने घ्यायचं नाही आणि लेखणीने लिहायचंही नाही, असं आईने शिकवलेलं. त्यात हा नवरा आधीच आजारी. सोबत आलेले थोरले दीर हणमंतराव म्हणाले, "घरच्या बाईचं नाव सरकारी कागदावर कशाला? अर्ज माझ्याच नावाने लिहा. घर तर एकच."

पदर सावरून क्षमाबाईंनी मान हलवली. परवाना हणमंतरावांच्या नावाने निघाला.

दुकान पाच वर्षं चाललं. लग्नसराईत बाकावर जागा मिळत नसे. आतल्या खोलीत बिंदुमाधव बायकांचं हसणं ऐकत पडून असे. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये त्या आत जाऊन त्याला कुशीवर वळवून यायच्या.

मग हणमंतराव वारले. महिन्याभरात निरीक्षक आला. "ज्याचा परवाना तो गेला, तर परवानाही गेला, अम्मा. पंधरा दिवसांत नवा अर्ज करा, नाहीतर कुलूप."

कागद पुन्हा गोळा करण्यात चौदा दिवस गेले. पंधराव्या दिवशी क्षमाबाई एकट्याच कचेरीच्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या.

"गंडन हेसरु?"

मागे रांग होती. ओळखीचं कुणी नव्हतं. त्या हळूच म्हणाल्या, "बिंदुमाधव."

"स्वल्प जोरात, अम्मा."

"बिंदुमाधव."

कारकुनाचा हात थांबला. "बिंदुराव?"

"नाही हो! बिंदुमाधव. बिंदुमाधव!"

चार वेळा. घरी येऊन त्यांनी आधी नवऱ्याच्या छातीवर हात ठेवला. श्वास चालू होता. "झालं काम?" त्याने अडखळत विचारलं. त्या म्हणाल्या, "झालं."

नाव घेतल्याच्या अठराव्या दिवशी तो गेला. डॉक्टर म्हणाले, छाती कफाने भरली होती, आज ना उद्या हे व्हायचंच होतं. गोजराबाईंनीही तेच समजावलं. क्षमाबाई एवढंच म्हणाल्या, "एकदाच घेऊन भागलं असतं, अक्का. मी चार वेळा घेतलं."

तेराव्यानंतर परवाना आला. त्यावर क्षमाबाईंचं नाव, आणि पुढे: बिंदुमाधव यांची पत्नी.

दुकान उघडावंच लागलं. पोटाला दुसरं काही नव्हतं. परवाना दर्शनी भिंतीवर लावायचा नियम, म्हणून तोही लावला. फक्त त्यावर एक पांढरा पंचा टांगलेला असे. नव्या गिऱ्हाइकांना वाटायचं, हात पुसायचा असेल. कुणी घ्यायला गेलंच, तर क्षमाबाई पटकन दुसरा पुढे करायच्या.

वर्षातून एकदा निरीक्षक येई, पंचा बाजूला सारून परवाना वाचू लागे. तेवढा वेळ त्या आतल्या रिकाम्या खोलीत जाऊन उभ्या राहत.