वेत भिजेपर्यंत

ओल्या वेताचा वास आला की मला शाहूपुरीतला आमचा खुर्च्या विणायचा वर्ग आठवतो. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. वर्गात सगळी मोठी माणसं, कुणी लंगडं, कुणी माझ्यासारखं आंधळं. वेत पाण्यात भिजेपर्यंत हात रिकामे, म्हणून बाई आळीपाळीनं एकेकाला गोष्ट सांगायला लावत. एका मुक्या-बहिऱ्या पैलवानाची पाळी मात्र नेहमी वगळली जायची. त्या दिवशी बाईंनी त्यालाच उभं केलं. त्याचे हातवारे बघून डोळस मंडळी "वा रं वाघा!" म्हणत रंगली आणि मी आपला कोरडाच. "आरं, मला बी कळू दे की!" मी ओरडलो. बाईंनी त्याला खुणावलं असावं; थोड्या वेळानं तालमीच्या मातीचा वास जवळ आला. कुणीतरी माझं मनगट पकडलं, मान दाबली, कमरेला विळखा घातला. म्हणजे गोष्ट त्याच्या कुस्तीची! "जितलं कोण?" मी विचारलं, पण त्याला ऐकू कुठलं येणार! त्यानं मला अलगद उचलून चटईवर उताणं ठेवलं. "म्हंजे मी पडलो व्हय?" सगळा वर्ग हसला. आता म्हातारा झालो, तरी एक कोडं सुटलेलं नाही. ती कुस्ती त्यानं मारली होती, की हरलेल्या स्वतःच्या जागी त्यानं मला निजवलं होतं?