कापसाच्या खोलीतला फोटो

शेगावला गाडीतून उतरले तेव्हा पाठीवर कॅमेरा होता, काखेत ट्रायपॉड होता आणि डोक्यात पंधरा दिवसांच्या फोटोग्राफी क्लासची भरपूर घमेंड होती. खामगावहून उंद्रीला जाणाऱ्या एसटीत कंडक्टरने ट्रायपॉडकडे बघून विचारलं, "ताई, हा फवारणीचा कोणता पंप हाये?" मी त्याला उत्साहाने एचडीआर समजावू लागले. एकाच जागेचे तीन फोटो काढायचे, एक काळोखा, एक मध्यम, एक लख्ख. मग संगणक ते एकमेकांवर बसवतो आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारं अंधारातलंही दिसू लागतं. "अंधारातलं पाहून काय करता?" असं म्हणून तो पुढच्या सीटकडे वळला.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उभी होती. पांढरी फुटलेली बोंडं थोडी, काळवंडून मिटलेली जास्त. बीटी कपाशीला अळी लागत नाही, असं मी नाशिकला बसून ऐकलं होतं. इथे शेतात ना माणूस होता, ना पाखरू. भर दुपारची ती शांतता मला काही आवडली नाही.

मी शांताताईंकडे उतरले. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची ही थोरली बहीण. घरात त्या एकट्याच होत्या. त्यांचे यजमान रामदासभाऊ सकाळच्या गाडीने खामगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते.

"फवारताना वारा फिरला न् औषध तोंडावर आलं," शांताताई म्हणाल्या. "तवापासून धड दिसत नाही. दवाखान्यात जा म्हणलं तं जात नाहीत. आज कसेबसे धाडले. बहिणीकडं मुक्काम करून उद्या येतीन."

त्यांनी कळण्याची भाकरी (ज्वारीत उडीद घालून दळलेली) आणि ठेचा वाढला. ठेच्याने माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी काढलं, तेव्हा कुठे त्या हसल्या.

मधल्या खोलीत कापूस भरला होता. वेचलेला कापूस विकायला जाईपर्यंत इथे घरातच राहतो आणि माणसं उरलेल्या जागेत अंग चोरून वावरतात. तो असेपर्यंत त्या खोलीत दिवा लावायचा नाही, काडी ओढायची नाही. शांताताईंनी तर बल्बच काढून ठेवला होता. दारातून उन्हाची एक पट्टी आत पडलेली, छताला टेकलेला ढीग आणि त्याच्या मागे मिट्ट काळोख. एचडीआर शिकणाऱ्याला आणखी काय हवं! मी दारात ट्रायपॉड रोवला. शेवटच्या लख्ख फोटोला दोन सेकंद लागतात. तेवढ्यात आतून कुणी श्वास सोडल्यासारखा आवाज आला.

"कापूस दबते," चुलीपासून शांताताई म्हणाल्या. "आवाज येत राह्यते त्याचा."

ओसरीत बसून मी लॅपटॉपवर तिन्ही फोटो एकत्र केले. ढिगाच्या मागच्या कोपऱ्यात डोकं दिसत होतं. एक नाही, दोन. एकमेकांत मिसळलेली, आरपार दिसणारी. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मग क्लासमधलं आठवलं. फोटो काढताना पडदा, पान, काहीही हललं की अशा छाया उमटतात. नवशिक्यांची नेहमीची चूक. त्या घालवायला सॉफ्टवेअरमध्ये एक चौकोन असतो, त्यात टिचकी मारायची. मी मारली. कोपरा स्वच्छ झाला, तिथे नुसता कापूस राहिला. आता सांगायला लाज वाटते, पण मला हायसं वाटलं.

मात्र त्या कोपऱ्यात पडदाही नव्हता आणि पानही नव्हतं. मग हललं काय? मी लख्ख फोटो एकटाच उघडून मोठा केला. छातीपर्यंत कापसात रुतलेला एक माणूस. डोळे उघडे, आणि थेट माझ्याकडे.

"शांताताई, त्या खोलीत कोण आहे?"

"कोनी नाही व माय."

मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. त्या किंचाळल्या नाहीत. फक्त पदर घट्ट धरला, खोलीच्या दाराशी गेल्या आणि म्हणाल्या, "या बाहीर."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग ढीग एका बाजूने घसरला आणि रामदासभाऊ बाहेर आले. केसांत, भुवयांवर कापूस, डोळ्यांवर आडवा हात. सकाळी पुढच्याच फाट्यावर ते उतरले होते आणि शेतातून येऊन मागच्या दाराने आत शिरले होते.

"दवाखान्यात काऊन नाही गेले?"

"डॉक्टर म्हणला असता का डोये गेले. मंग?" ते भिंतीला धरून खाली बसले. "नाही गेलो तं कोनी म्हणत तं नाही. न् आता दिसते मले."

"दिसते?" शांताताईंचा आवाज चढला. "ताई, ते दोन्ही फोटू लावा."

मी दोन्ही शेजारी शेजारी लावले, छाया असलेला आणि पुसलेला.

"सांगा, काय फरक हाये?"

रामदासभाऊंनी नाक लॅपटॉपच्या पडद्याला टेकेल इतकं जवळ नेलं. एकदा इकडे, एकदा तिकडे. त्यांचा श्वास काचेवर उमटत होता.

"कापूस हाये," ते म्हणाले. "दोन्हीत कापूस. सारकेच तं हायेत."

"एकात तुमी दिसता," शांताताई हळू म्हणाल्या. "दुसऱ्यात नाही."

रामदासभाऊंनी तळहात फोटोवर ठेवला.  मग विचारलं, "सकायची गाडी कितीची हाये?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एकाच एसटीने खामगावला आलो. त्यांनी डोळ्यांवरून दुपट्टा गुंडाळला होता. दवाखान्याच्या फाटकाशी मी निरोप घेतला, तेव्हा त्यांनी चाचपडत माझी बाही धरली.

"ताई, खरंच होतो ना मी त्याच्यात?"

"होतात, भाऊ," मी म्हणाले. 

नाशिकला परतल्यावर क्लासच्या सरांनी फोटो पाहिला. कोपऱ्यातली ती छाया तेवढी काढा, मग फोटो एक नंबर आहे, असं ते म्हणाले. ते रामदासभाऊ आहेत, काढणार नाही, असं मी सांगितलं. शांताताईंचा फोन आला होता. एका डोळ्याला उतार पडतोय, दुसऱ्याचं डॉक्टर अजून काही बोलत नाहीत. काळोखातलं दिसावं म्हणून मी हे सगळं शिकायला गेले होते. दिसलेला माणूस पुसून टाकायला मला एक टिचकी पुरली होती, आणि त्याची भीती अजून माझ्या मनातून जात नाही.